काझुयोशी मिउरा : एक धंदेवाईक खेळाडू

‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे फारशा आदरानें उच्चारला जात नाहीं. धंदेवाईक गवई, धंदेवाईक नट, धंदेवाईक खेळाडू असें आपण म्हणतों तेव्हां त्या म्हणण्यांत थोडें तरी नाक मुरडलेलें असतें. खेळासाठीं खेळ ही वृत्ति थोर, आणि पैशासाठीं खेळणें हें कांहींसें हलकें, अशी समजूत शिकलेल्या घरांतून अजूनहि पुष्कळ ठिकाणीं आढळते. एके काळीं ही समजूत जपानांतहि होती, आणि ती चांगलीच घट्ट होती. ती मोडण्यास ज्या माणसाचें चरित्र विशेष कारणीभूत झालें त्याच्याविषयीं आज मी बोलणार आहें. त्याचें नांव काझुयोशी मिउरा. जपानी लोक त्याला नुसतें ‘काझू’ म्हणतात, आणि कौतुकाच्या भरांत ‘राजा काझू’. तो फुटबॉलचा खेळाडू. आणि त्यांतहि स्ट्रायकर.

ज्या श्रोत्यांना फुटबॉलचा फारसा परिचय नसेल त्यांच्यासाठीं या शेवटच्या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. अकरा गड्यांच्या संघांत प्रत्येकाचें काम ठरलेलें असतें. एकानें गोल राखावयाचा, कांहींनीं समोरच्यांचा हल्ला अडवावयाचा, कांहींनीं मधल्या पट्ट्यांत चेंडू खेळवावयाचा, आणि एकदोघांनीं अगदीं पुढें राहून तो प्रतिपक्षाच्या जाळ्यांत घालावयाचा. या पुढच्या गड्यास स्ट्रायकर म्हणतात. त्याचें काम दिसावयास सर्वांत चमकदार; परंतु नव्वद मिनिटांच्या खेळांत चेंडू त्याच्या पायाशीं फारच थोडा वेळ असतो. बाकीचा सगळा वेळ तो धांवतो, हुलकावण्या देतो आणि वाट पाहतो. संधि येते ती अर्ध्या क्षणाची. ती साधली तर तो वीर, हुकली तर दहा जणांचे श्रम वायां घालविणारा तोच. दुसऱ्या गड्यांचें मूल्यमापन करतांना लोक दहा गोष्टी पाहतात. स्ट्रायकरच्या बाबतींत एकच विचारतात : गोल किती? त्याची किंमत दर आठवड्यास नव्यानें ठरते, आणि ती एका आंकड्यानें ठरते. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

काझूचा जन्म २६ फेब्रुवारी १९६७ रोजीं शिझुओका शहरीं झाला. हा भाग जपानांत फुटबॉलसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु त्या काळच्या जपानांत फुटबॉल हा पोटाचा उद्योग नव्हता. १९६५ सालीं तेथें राष्ट्रीय लीग सुरू झाली होती खरी, पण तींतले बहुतेक संघ मोठमोठ्या कंपन्यांचे होते, आणि गडी म्हणजे त्या त्या कंपनीचा नोकर. दिवसाचा कांहीं वेळ कचेरींत बसावयाचें, उरलेल्या वेळांत सराव करावयाचा, आणि पाय थकले म्हणजे पुन्हां कायमचें टेबलाशीं येऊन बसावयाचें. या व्यवस्थेंत मोठा सुरक्षितपणा होता. ज्यानें कंपनीचें नांव मैदानावर राखलें त्याला कंपनी म्हातारपणापर्यंत सांभाळी. कुनिशिगे कामामोतो या स्ट्रायकरनें १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्यें सर्वांहून अधिक, म्हणजे सात गोल केले आणि जपानला ब्राँझपदक मिळवून दिलें. तोहि यानमार डीझेल या कंपनीच्याच संघाचा गडी होता. १९७७ सालीं यासुहिको ओकुदेरा हा खेळाडू जर्मनींतील कोलोनच्या संघांत गेला आणि खेळावर जगूं लागला, तेव्हां ती अपूर्वाईची गोष्ट वाटली. स्वतः जपानांत खेळाडूची धंदेवाईक म्हणून रीतसर नोंद करण्याची सोय १९८६ पर्यंत झाली नव्हती.

अशा देशांतल्या एका मुलानें ठरविलें कीं, आपण धंदेवाईक फुटबॉलपटु व्हावयाचें, आणि तेंहि ब्राझीलमध्यें जाऊन. १९८२ सालच्या अखेरीस, हायस्कुलांतलें पहिलें वर्षहि पुरें न करतां, पंधरा वर्षांचा काझू साव पाउलोच्या विमानांत एकटा बसला. आपल्या घरांतील पंधरा वर्षांच्या मुलानें शाळा सोडून असा बेत सांगितला तर त्या दिवशीं घरांत काय होईल, हें श्रोत्यांनीं मनांत आणून पाहावें.

ब्राझील आणि जपान यांचा संबंध जुना आहे. १९०८ सालीं ‘कासातो मारू’ या आगबोटींतून जपानी शेतमजुरांची पहिली मोठी तुकडी सांतोस बंदरांत उतरली व कॉफीच्या मळ्यांवर कामास लागली. त्या लोकांचीं नातवंडें-पतवंडें पुढें साव पाउलो प्रांतांत डॉक्टर, व्यापारी, बागाईतदार झालीं. कष्टाळू आणि व्यवहारांत चोख अशी त्यांची ख्याति. मात्र जपान्याला फुटबॉल येत नाहीं, हीहि तितकीच पक्की ख्याति होती. मैदानावर कोणी चेंडू चुकविला कीं त्याला ‘जपानी’ म्हणून चिडवावयाचें, अशी तेथली थट्टेची रीत. काझूला त्या देशांत पहिल्या दिवसापासून आपल्या पायांबरोबर आपल्या चेहऱ्याचेंहि ओझें वागवावें लागलें.

तो प्रथम ज्या क्लबाच्या कुमारसंघांत गेला त्याचें नांव जुवेंतुस. इटलींतला त्याच नांवाचा विख्यात क्लब तो हा नव्हे. साव पाउलोच्या मोका या गिरणगांवासारख्या वस्तींत एका कापडगिरणीच्या कामगारांनीं १९२४ सालीं काढलेला हा क्लब आहे. तेथें त्याच्याबरोबर खेळणारीं मुलें गरीबांचीं होतीं. चेंडू हेंच त्यांचें दारिद्र्यांतून बाहेर पडण्याचें दार, आणि त्या दारांत एका वेळीं एकालाच वाट मिळे. अशा मुलांशीं चढाओढ करणें हें शाळेच्या सामन्यासारखें नसतें. पहिलीं दोन वर्षें काझूच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. तो कंटाळून परत जाण्याच्या बेतांत असतां रिओ शहरांत त्याला कांहीं मुलें खेळतांना दिसलीं; कोणी अनवाणी, एक तर पायानें अधू, आणि चेंडू झिजून गेलेला. तीं मुलें मोठ्या आनंदांत होतीं. आपल्याजवळ धड पाय आहेत, बूट आहेत, मग आपण रडतों कशासाठीं, असें वाटून त्यानें परतीचा बेत सोडला, अशी आठवण त्याच्या चरित्रांत नेहमीं सांगितली जाते. अशा आठवणींना सांगतां सांगतां थोडें तेज चढतें हें खरें. तो परत गेला नाहीं, हें मात्र निश्चित.

१९८६ सालीं सांतोस या क्लबानें त्याच्याशीं करार केला. पेलेची हयात ज्या क्लबांत गेली तो हा क्लब. एकोणीस वर्षांच्या जपानी मुलाला तेथें खेळावयास मिळालें थोडें, बसावें लागलें पुष्कळ. मग तो लहान लहान क्लबांतून फिरला. त्यांतला एक जाउ नांवाच्या गांवचा; ब्राझीलच्या प्रजासत्ताकाच्या दिवसावरून त्याचें नांव ‘पंधरा नोव्हेंबर’ असें ठेवलेलें आहे. १९८८ च्या मार्चांत या गांवढ्या क्लबानें कोरिंथियान्सच्या बलाढ्य संघाला ३-२ असें हरविलें. त्यांतला एक गोल काझूचा होता. ‘जपानी’ या थट्टेच्या शब्दाला त्या प्रांतांत मिळालेलें हें पहिलें जोरकस उत्तर. पुढल्या वर्षीं कोरितिबा संघांतून खेळून तो पाराना प्रांताच्या विजेतेपदांत वांटेकरी झाला, आणि १९९० सालीं सांतोसनें त्याला परत बोलाविलें. या वेळीं बसण्यासाठीं नव्हे, खेळण्यासाठीं.

या आठ वर्षांत तो काय शिकला? डाव्या बगलेवरून धांवतांना चेंडूवरून पाय फिरवून समोरच्याला फसविण्याची हातोटी तो शिकला, आणि ती पुढें जपानी मुलांनीं गल्लोगल्लीं गिरविली. परंतु त्याहून महत्त्वाची एक गोष्ट तो शिकला. ब्राझीलमध्यें खेळाडूचा करार थोड्या मुदतीचा असतो. मुदत संपली कीं क्लबाचें त्याच्याशीं देणेंघेणें संपलें. काल त्यानें काय केलें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. अशा ठिकाणीं राहणाऱ्याला आपलें शरीर हेंच भांडवल समजून तें रोज नीट राखावें लागतें. जेवण, झोंप, सराव यांत सुटी नाहीं. खेळापूर्वीं तासभर आणि खेळानंतर तासभर देहाची मशागत करण्याची जी संवय त्याला लागली ती पुढें चाळीस वर्षें सुटली नाहीं. धंदेवाईक या शब्दाचा हा अर्थ त्यानें बरोबर घेऊनच १९९० सालीं जपानांत पाऊल टाकलें.

योमिउरी या संघांत तो आला, आणि त्या संघानें जुन्या लीगचीं शेवटचीं दोन विजेतेपदें मिळविलीं. येथेंच बगलेवरचा गडी हळूहळू मध्यभागीं सरकला व खरा स्ट्रायकर बनला. १९९२ सालीं आशियाई चषकाचे सामने हिरोशिमा येथें झाले. उपांत्य फेरी गांठण्यासाठीं इराणला हरविणें जपानला भाग होतें, आणि खेळ संपत आला तरी गोल होत नव्हता. शेवटच्या कांहीं मिनिटांत काझूनें तो केला. जपाननें चषक प्रथमच जिंकला, आणि स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून काझूची निवड झाली.

पुढच्या वर्षीं ‘जे लीग’ सुरू झाली. तिचे अध्यक्ष साबुरो कावाबुचि हे स्वतः एकेकाळीं कंपनीच्या संघांतून खेळलेले. त्यांनीं नियम घातला कीं, संघाच्या नांवांत कंपनीचें नांव नको, गांवाचें हवें. संघ कंपनीचा नोकरवर्ग नव्हे, तर त्या गांवची संस्था. दहा क्लब उभे राहिले. १५ मे १९९३ च्या रात्रीं टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर साठ हजारांच्या आसपास लोकांसमोर पहिला सामना झाला, तो काझूचा व्हर्डी कावासाकी आणि योकोहामा मारिनोस यांचा. काझूचा संघ १-२ असा हरला. वर्षाअखेर मात्र विजेतेपद व्हर्डीचें, आणि सर्वोत्तम खेळाडूचा पहिला मान काझूचा. तो घेण्यास तो तांबड्या लाल सुटांत आला. गोल केल्यावर तो मैदानाच्या कडेला जाऊन पायांचा एक ठेका धरून नाचे. ‘काझूचा नाच’ म्हणून तो सगळ्या देशांत माहीत झाला. कामामोतोच्या पिढीला हें सारें कसें वाटलें असेल याची कल्पना करवते. नम्रपणें मान लववून जागेवर परत जाणारा नोकर आणि गोल करून नाचणारा नट, असा तो फरक होता. परंतु लहान मुलें ‘मोठेपणीं मी फुटबॉलपटु होणार’ असें आतां उघड बोलूं लागलीं, आणि आईबाप तें ऐकून घेऊं लागले.

एकच गोष्ट राहिली होती. जपान तोंपर्यंत विश्वचषकांत एकदांहि खेळला नव्हता. १९९३ च्या ऑक्टोबरांत आशियांतील सहा संघ कतारची राजधानी दोहा येथें जमले; त्यांतून दोघांना १९९४ च्या अमेरिकेंतील विश्वचषकास जावयाचें होतें. जपानची सुरुवात वाईट झाली : सौदी अरेबियाशीं बरोबरी, इराणकडून हार. तिसऱ्या सामन्यांत उत्तर कोरियावर तीन गोल झाले, त्यांतले दोन काझूचे. चौथ्यांत दक्षिण कोरियावर एक झाला, तो काझूचा. शेवटचा सामना २८ ऑक्टोबरला इराकशीं. जपान गुणांच्या यादींत सर्वांच्या वर होता. जिंकला कीं अमेरिका. पांचव्या मिनिटाला काझूनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला. इराकनें बरोबरी केली. नाकायामानें पुन्हां आघाडी मिळवून दिली. नव्वद मिनिटें भरलीं तेव्हां २-१.

थोडा वेळ वाढवून दिला होता. इराकला कॉर्नर मिळाला. अशा वेळीं चेंडू उंच मारून गोलासमोर टाकतात. इराकच्या गड्यानें तसें न करतां तो जवळच्या सोबत्याला हलकेच दिला. जपानी बचाव क्षणभर गोंधळला. त्या सोबत्याला अडविण्यास धांवून जो आडवा पडला तो बचावाचा गडी नव्हता, काझू होता. त्याचा पाय पुरला नाहीं. चेंडू त्याच्या पलीकडून गोलासमोर गेला आणि जाफर ओमरान यानें डोकें लावून तो आंत घातला. २-२. अमेरिकेला सौदी अरेबिया व दक्षिण कोरिया गेले. जपानी गडी मैदानावर होते तेथेंच बसले. त्या रात्रीला जपानांत ‘दोहाची शोकांतिका’ म्हणतात. सामन्यांतला पहिला गोल करणारा आणि शेवटचा गोल अडविण्यास पोंचूं न शकलेला माणूस एकच होता, हें मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

त्यानंतर तो इटलीच्या जेनोआ संघांत एक वर्ष राहून आला. इटलीच्या पहिल्या वर्गांत खेळणारा तो पहिला जपानी. पहिल्याच सामन्यांत मिलानच्या बारेसीशीं टक्कर होऊन त्याच्या नाकाचें हाड मोडलें. एकवीस सामन्यांत एक गोल, हा त्याचा तेथला हिशेब. तो गोल सांपदोरिया या गांवच्याच प्रतिस्पर्ध्यावर झाला ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. जेनोआच्या सदऱ्यावर जपानी कंपनीची जाहिरात होती, म्हणून याला खेळाडू म्हणून आणला कीं जाहिरातीसाठीं, अशी कुजबूज तेथें झाली. अशी कुजबूज आपल्याविषयीं पुढें पुन्हां ऐकावी लागेल हें त्या वेळीं त्याला ठाऊक नसावें.

परत आल्यावर १९९६ सालीं त्यानें २३ गोल करून लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला. १९९७ सालीं पुढल्या विश्वचषकाच्या पात्रतेचे सामने सुरू झाले. मकाववर एका सामन्यांत सहा गोल, उझबेकिस्तानवर ७ सप्टेंबरला चार. आणि तेथें झरा आटला. शेवटच्या फेरींतील बाकीच्या सामन्यांत त्याच्याकडून एकहि गोल झाला नाहीं. मध्येंच मार्गदर्शक बदलला व ताकेशि ओकादा हा नवा मनुष्य आला. १६ नोव्हेंबरला मलायांतील जोहोर बाहरू येथें इराणशीं निकराचा सामना झाला. जपान १-२ असा मागें पडतांच ओकादानें काझू आणि नाकायामा या दोघांनाहि एकदम बाहेर बोलावून दुसरे दोन गडी पाठविले. त्यांतल्या जो यानें बरोबरी केली, आणि जादा वेळांत ओकानोच्या गोलानें जपान जिंकला. देश प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला. काझू आनंदानें नाचला. पण तो गोल झाला तेव्हां तो मैदानावर नव्हता.

जून १९९८. स्वित्झर्लंडमध्यें जिनिव्हाच्या सरोवराकांठीं न्यों या गांवीं जपानी संघाचा तळ पडला होता. बरोबर आणलेले गडी पंचवीस. फ्रान्सला न्यावयाचे बावीस. २ जूनला ओकादानें वर्तमानपत्रकारांसमोर गाळलेलीं तीन नांवें सांगितलीं. त्यांत अठरा वर्षांचा इचिकावा होता, कितझावा होता, आणि काझू होता.

जपानांत जो हलकल्लोळ झाला त्याचें वर्णन करण्याची गरज नाहीं. मला त्यांतली दुसरीच एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. हा ओकादा कोण? तोहि फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीच्या संघांतून खेळलेला, जुन्या व्यवस्थेंतला मनुष्य. जुन्या व्यवस्थेची रीत अशी कीं, ज्यानें इतकीं वर्षें सेवा केली त्याला शेवटच्या यात्रेला बरोबर घ्यावयाचेंच. त्यानें खेळावें असें नाहीं. बांकावर बसावें, तरुणांना धीर द्यावा, मान घ्यावा. ओकादानें तसें केलें असतें तर कोणी एक शब्द बोललें नसतें. त्यानें तें केलें नाहीं. उझबेकिस्ताननंतर किती गोल, इतकेंच त्यानें पाहिलें. म्हणजे जें माप काझूनें ब्राझीलहून आणून जपानला शिकविलें, त्याच मापानें त्याला मोजण्यांत आलें, आणि मोजणारा होता कंपनीचा एक जुना नोकर. हा निर्णय बरोबर होता कीं चूक, यावर जपानांत अजून वाद होतो. फ्रान्समध्यें जपान तिन्ही सामने हरला : अर्जेंटिनाकडून ०-१, क्रोएशियाकडून ०-१, जमैकाकडून १-२. तिसऱ्या सामन्यांतला एकुलता गोल नाकायामाचा. काझू असता तर अधिक झाले असते असें कोणास सिद्ध करतां येणार नाहीं. मला विचाराल तर, ओकादाचें माप खोटें नव्हतें. पण तें नांव त्यानें न्योंला पोंचल्यावर गाळलें, जपान सोडण्यापूर्वीं नाहीं, ही गोष्ट कठोर झाली.

काझू केस सोनेरी रंगवून मायदेशीं उतरला. जपानी संघाचा गडी म्हणून आपला जो अभिमान, आपला जो आत्मा, तो आपण तिकडेच ठेवून आलों आहों, अशा अर्थाचें तो बोलला. ओकादाविषयीं त्यानें वेडेंवांकडें कांहीं म्हटलें नाहीं. तो तेव्हां एकतीस वर्षांचा होता. स्ट्रायकरच्या हिशेबानें ही संध्याकाळच. इतक्या मोठ्या मानभंगानंतर बूट काढून ठेवले असते तर त्याची कीर्ति कमी झाली नसती, उलट शोकपर्यवसायी नाटकाच्या नायकाप्रमाणें वाढली असती.

त्यानें बूट काढले नाहींत. १९९९ सालीं झाग्रेबला गेला. तेथें जमलें नाहीं. क्योटोला आला, २००० सालीं सतरा गोल केले. क्लब खालच्या वर्गांत घसरला आणि काझूला निरोप मिळाला. त्याच वर्षीं तो देशाच्या संघांतून शेवटचा खेळला. एकूण ८९ सामने, ५५ गोल. कामामोतोच्या खालोखाल हा आंकडा आहे, आणि त्यांतला एकहि गोल विश्वचषकांतला नाहीं. पुढें चार-साडेचार वर्षें कोबे. २००५ सालीं तो योकोहामा एफ्. सी. या क्लबांत आला. या क्लबाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. योकोहामा फ्ल्युगेल्स हा क्लब पैशाच्या अडचणीमुळें दुसऱ्यांत विलीन करण्यांत आला, तेव्हां त्याच्या चाहत्यांनीं वर्गणी जमवून हा नवा काढला. २००६ सालीं तो दुसऱ्या वर्गांत पहिला आला. पुढल्या वर्षीं वरच्या वर्गांत त्याची धूळधाण झाली. पण शेवटच्या दिवशीं उरावा या संघाला फक्त एक विजय हवा होता व अजिंक्यपद त्याचें होतें, आणि योकोहामानें त्याला १-०नें अडविलें. तो गोल ज्या पासवर झाला तो चाळीस वर्षांच्या काझूनें दिलेला होता.

५ मार्च २०१७ रोजीं, पन्नाशी उलटून सात दिवस झाले असतां, तो लीगचा सामना खेळला. स्टॅन्ले मॅथ्यूज या इंग्रज खेळाडूनें १९६५ सालीं पन्नास वर्षें पांच दिवस या वयांत केलेला विक्रम त्यानें मोडला, आणि पुढच्याच रविवारीं गुन्माच्या संघावर सामन्यांतला एकुलता गोल केला.

येथें एक शंका प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. पुढें पुढें त्याचें खेळणें कांहीं मिनिटांचें उरलें. तो मैदानांत उतरला कीं प्रेक्षक वाढत, वर्तमानपत्रांत क्लबाचें नांव येई, सदरे खपत. तेव्हां हा खेळाडू कीं जाहिरात, हा जेनोआचाच प्रश्न पुन्हां विचारला गेला. ज्या जागेवर तो उभा राहिला ती जागा कोणा वीस वर्षांच्या मुलाची नव्हती काय? हा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाहीं. ज्येष्ठ नोकरासाठीं कचेरींत टेबल राखून ठेवावें तशी एखादी जागा त्याच्यासाठीं राखली गेली असेल, तर तें जुन्या कंपनीच्या व्यवस्थेचेंच पुनरागमन झालें. परंतु काझूनें काय केलें तेंहि पाहावें. योकोहामांत मान होता, पगार होता, खेळ नव्हता. तेव्हां २०२२ सालीं तो चौथ्या वर्गांतल्या सुझुका या लहान गांवच्या संघांत गेला. तेथें त्याचा सख्खा वडील भाऊ मार्गदर्शक होता. तेव्हां येथेंहि कोणी बोट ठेवूं शकेल. पण तेथें तो खेळला, आणि पंचावन्नाव्या वर्षीं त्यानें गोल केले. २०२३ सालीं पोर्तुगालच्या दुसऱ्या वर्गांत ऑलिवेरेन्से संघांतून तो मैदानावर दिसला. २०२४ सालीं पुन्हां सुझुका. २०२५ सालीं अठ्ठावन्नाव्या वर्षीं तो त्याच संघांतून उतरला. राखून ठेवलेल्या टेबलाशीं बसून राहणारा मनुष्य असा गांवोगांव फिरत नाहीं.

एक सामना मी क्रम सोडून शेवटीं ठेवला आहे. ११ मार्च २०११ रोजीं जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, समुद्र आंत आला, आणि हजारों माणसें गेलीं. अठरा दिवसांनीं, २९ मार्चला, ओसाकाच्या नागाइ क्रीडांगणावर मदतीसाठीं एक सामना झाला. एका बाजूस देशाचा संघ, दुसऱ्या बाजूस लीगमधील निवडक खेळाडू. या दुसऱ्या संघांत दुसऱ्या वर्गांतला, चव्वेचाळीस वर्षांचा काझू होता. मध्यंतरापर्यंत देशाच्या संघानें दोन गोल केले. उत्तरार्धांत काझूला उतरविलें. शेवटचीं आठ मिनिटें उरलीं होतीं. मागून एक लांब चेंडू आला. तुलिओ यानें उंच उडी मारून डोक्यानें तो पुढें ढकलला. हा तुलिओ साव पाउलो प्रांतांत जन्मलेला, आगबोटींतून गेलेल्या त्या जपान्यांच्या वंशांतला. पुढें जपानांत येऊन तो जपानचा झाला. काझू बचावाच्या दोघांमधून पळाला, चेंडू एकदां जमिनीवर आपटूं दिला आणि उजव्या पायानें तो गोलरक्षकाच्या पलीकडे सारला.

देशांत सुतक होतें. मैदानाभोंवतीं जमलेले लोक क्षणभर ओरडले आणि मग त्याच्याकडे पाहूं लागले. तो कडेला धांवत गेला, आणि नाचला.